जाड पुस्तक कोणालाही देऊ नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, गल्लीत मलमवाली म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

कलम १. राहते घर व बँकेतली ठेव दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी. मागची औषधाची खोली मात्र धाकट्या सुनेला एकटीला. थोरल्याला तिथे स्कूटर लावायची आहे. आयुष्यभर तो या कामाला पालापाचोळा म्हणाला आणि खोकला झाला की त्याच खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. भिजू दे स्कूटर.

कलम २. खल, गाळण्या, वजनकाटा व सर्व बरण्या सुनेला. खल नणंदबाईंनी मागितल्यास देऊ नये. एकदा नेला, मिरच्या कुटून परत पाठवला, आणि माझ्या मलमाने एका भल्या माणसाच्या पायाची आग आग झाली. त्या अजून म्हणतात, "धुतला होता गं!"

कलम ३. पुस्तके. हे कलम सावकाश वाचावे.

घरच्या घरी औषधं करायची माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत. एक जाड, रंगीत चित्रांचं. दुसरं पातळ, पिवळं पडलेलं, अक्षर मुंगीएवढं. सुनेने जाड निवडलंय. परवा मी म्हटलं, "पातळ घे." ती हसली. "आई, त्यात निम्मं पुस्तक देऊ नका, देऊ नका एवढंच आहे. मग करायचं काय?" येत्या गुरुवारी ती शेजारणीसाठी पहिला काढा करणार आहे. म्हणून आजच लिहायला बसले.

सूनबाई, जाड पुस्तकाचं पान एकशे बारा उघड. 'मुळी मूठभर घेऊन उकळून द्यावी.' ओली की वाळलेली, ते नाही. कोणाची मूठ, तेही नाही. एकवीस वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ तापाने पडली होती. मी वाळलेली मुळी घेतली, चांगली मूठ भरून. तिला उलट्या सुरू झाल्या, तर मी म्हणाले, "ताप बाहेर पडतोय," आणि दुसरा पेला दिला. तिसऱ्या दिवशी ती गेली. सगळे म्हणाले, तापाने गेली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. पातळ पुस्तक मी त्यानंतर आणलं. त्यात त्याच मुळीखाली चौथ्याच ओळीत लिहिलंय: वाळलेली असल्यास तिसरा हिस्सा, तोही वजन करून, उलटी झाल्यास थांबा, डॉक्टर गाठा.

पुस्तक निवडताना आपल्याला पक्क्या ठाऊक असलेल्या एका झाडाचं पान आधी काढावं. कोणता भाग, ओला की वाळका, वजन किती, किती दिवस टिकतं, कोणाला देऊ नये. यातलं एक जरी नसेल, तर चित्रं कितीही देखणी असोत, पुस्तक खाली ठेवावं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं.

कलम ४. पातळ पुस्तक सुनेला. जाड पुस्तक रद्दीत देऊ नये, रद्दीतून ते दुसऱ्याच्या घरात जाईल. जाळावे.

कलम ५. हा कागद कपाटात बंद करू नये. सह्या झाल्या की सुनेला आजच वाचायला द्यावा. आणि भाऊजी, साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. पण तुम्ही कलम तीन वाचा, मगच पेन उचला.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: चौदा, सोमवार
सही: मलमवाली

साक्षीदार १, कोपऱ्यावरचा शिंपी: बाई शुद्धीवर होत्या. सही वाकडी केली म्हणून माझ्यावर ओरडल्या.

साक्षीदार २, धाकटा दीर: वाचलं. वहिनी, डॉक्टरला आणायला मी उशीर केला म्हणून ती गेली, असंच एकवीस वर्षं धरून चाललो. तुम्ही रोज समोर होतात. सही सुनेसाठी करतोय, तुमच्यासाठी नाही.