जाळीच्या पट्ट्या किती?

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरला असल्यामुळे तूर्त कागदावरच).

इकडे सर्व ठीक. तुमची तब्येत उत्तम असणारच. माझ्या तीन पत्रांना मिळून “काही आठवत नाही” एवढं एकच उत्तर पाठवणाऱ्या माणसाच्या डोक्याला ताण पडल्याचं ऐकिवात नाही. मामींनाही नमस्कार, त्या तुमच्याबरोबर राहतात, त्यांना मी आणखी काय शुभेच्छा देणार.

तर ट्रक. तुम्ही आणि बाबांनी आलटून पालटून एकोणीस वर्षं चालवलेला, मग विकलेला, आणि मी आठ महिन्यांपूर्वी भंगारवाल्याच्या आवारातून उचलून आणलेला. (‘उचलून’ हा शब्द अचूक आहे. चाकं नव्हती.) बाबांची नजर मंदावत चालली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जे पाहायचं असेल ते या वर्षात पाहून घ्या. त्यांनी आपला ट्रक एकदा डोळे भरून पाहावा, एवढाच माझा हेतू. पण तो हुबेहूब तोच हवा, म्हणून पहिल्याच दिवशी मी डायरीत नियम लिहिला: लेखी किंवा छापील पुराव्याशिवाय एकही स्क्रू पिळायचा नाही. ट्रकच्या कामाला लावलेल्या मिस्त्रींनी तो वाचला आणि विचारलं, म्हणजे मला सुट्टी का?

आधी दुरुस्तीचं मूळ पुस्तक शोधलं. जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका गृहस्थांकडे ते मिळालं. मुखपृष्ठ आणि पहिली चाळीस पानं नव्हती, पण त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की हेच ते. मी तीन आठवडे टिपणं काढली, सूची केली, वंगणाचे तक्ते भिंतीवर लावले. सातव्या प्रकरणात नांगर जोडण्याची आकृती आली तेव्हा खरं तर शंका यायला हवी होती. मला वाटलं, त्या काळची माणसं सगळ्या बाजूंनी विचार करून लिहीत असतील. (मी पदवीधर आहे, हे कृपया मिस्त्रींना कळवू नये.) ट्रॅक्टरबद्दल काही अडलं तर आता मला विचारा.

मग जुन्या वाहनांच्या शौकिनांकडे गेले. रेडिएटरसमोरची जाळी भंगारातच गायब झालेली; तिला पट्ट्या किती होत्या, एवढा साधा प्रश्न. एक म्हणाले पाच, दुसरे म्हणाले नऊ. दोघे तीस वर्षांचे मित्र. आता एकमेकांशी बोलत नाहीत. तिसऱ्यांनी मला दोन तास त्यांची स्वतःची मोटार दाखवली आणि मी निघताना विचारलं, ट्रक म्हणालात का?

राहता राहिले घरचे फोटो. अकरा आहेत. मामा, पुढचं वाक्य दोनदा वाचा. अकराच्या अकरा फोटोंत, उन्हात, चिखलात, माल भरताना, माल उतरवताना, तुम्ही जाळीसमोर उभे आहात. पाय फाकून, हात कमरेवर, जणू ट्रक तुमच्या पोटातून निघाला आहे. भिंग लावून मी तुमच्या शर्टाच्या चौकड्या मोजल्या आहेत, पण मागची एक पट्टी दिसेल तर शपथ. एवढा मोठा ट्रक, मामा. दाराशी उभं राहता आलं असतं. टपावर बसता आलं असतं. गैरहजरही राहता आलं असतं.

मी फार कठोर लिहितेय का, असं मनात येतं. डायरीत तीनदा विचारून पाहिलं. तिन्हीदा उत्तर ‘नाही’ आलं. तेव्हा उलटटपाली आकडा कळवावा.

तुमची, पुराव्याच्या प्रतीक्षेत थकलेली,
भाची

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. फोटोंचा ढीग पाहून बाबांनी विचारलं, काय शोधतेस? सांगितलं. ते लगेच म्हणाले, “सात.” आठ महिन्यांत मी त्यांना विचारलंच नव्हतं, तोंडी माहिती मी पुरावा धरत नाही. काखेत कळसा म्हणतात तो इतका जड असतो हे माहीत नव्हतं. मिस्त्रींनी दोन दिवसांत सात पट्ट्यांची जाळी बसवली. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला, उजवीकडे पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाले, हा आपला ट्रक नव्हे. उजवीकडून तिसऱ्या पट्टीला पोचा होता.

ता. क. २. गोदामाच्या फाटकाचा खांब, मामा. आता आठवलं असेल. बाबांचे शब्द जसेच्या तसे देते: “त्यानं मला सांगितलं नाही, मी त्याला विचारलं नाही. नवा होता, पुन्हा स्टिअरिंगवर बसायचा धीर सुटला असता. फोटो काढताना मात्र म्हणायचो, जरा उजवीकडे सरक. हां, तिथेच.” कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असायचा, हे माझ्या टिपणांत कुठेही नाही.

ता. क. ३. मिस्त्री हातोडा घेऊन तयार आहेत, पण पोचा किती खोल होता याचा पुरावा एकट्या तुमच्याकडे आहे, म्हणून मी त्यांना थांबवलंय. रविवारी या. चौकड्यांचा शर्ट असेल तर घाला. फोटो बाबाच काढणार आहेत. त्यांना आता नीट दिसत नाही, पण तुम्ही कुठे उभं राहायचं ते त्यांना पाठ आहे.