जोपासणे या शब्दापाशी

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद, वि. वि. तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तेच, कोंबडीचे पाय. कापडावर सरळ रेघ मारणारी तू, कागदावर का अडखळतेस कोण जाणे.

आमचा शाळकरी शब्दकोश एकदाचा 'ज'वर आलाय आणि 'जोपासणे' माझ्या वाट्याला आलंय. अर्थ सोपा आहे : काळजी घेऊन वाढवणे, वाढीला लावणे. उदाहरणं लिहिली, बाग जोपासणे, छंद जोपासणे, मैत्री जोपासणे. संपादकबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं की असं घरात कोण बोलतं. म्हटलं, चार वर्षं परक्याचं लेकरू वाढवणारी बहीण आहे, तिलाच विचारू. तुमच्या शिवणखोलीत हा शब्द कसा वापरतात ते कळव.

गोळ्या वेळेवर घेतेस ना? मागच्या वर्षी जिन्यात फिट येऊन पडलीस तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. स्टुलावर चढून पडदे लावू नकोस. भुंगीला माझा पापा.

उत्तराची फार वाट बघायला लावू नकोस.

तुझा दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही. हॉस्पिटलचे गाऊन शिवता शिवता पंधरा दिवस कान देऊन ऐकलं. सगळ्या म्हणतात सांभाळते, वाढवते, बघते. एकदाच ऐकला, तोही भलत्याच गोष्टीसाठी. काजं करणारी माझी मैत्रीण जावेबद्दल म्हणाली की तिनं नऊ वर्षं राग जोपासलाय, पोटच्या पोरीसारखा, रोज खाऊपिऊ घालून. कोशाला चालत असेल तर घे.

भुंगी पाच वर्षांची झाली. आली तेव्हा सव्वा वर्षाची होती, झोपेतही डोळे पुरते मिटायची नाही. आता दिवसभर गुणगुणत असते, म्हणून तर भुंगी. हल्ली मी गॅसपाशी उभी राहिले की कंबरेला बिलगून राहते, ढकललं तरी हलत नाही. लाडावलीय, म्हणून मी रागावते.

एक काळजी आहे. तिची सख्खी मावशी अचानक उगवलीय, तिला पोर हवीय. पोर माझ्याकडे सोपवली त्या बालकल्याण समितीच्या बाई घर बघून गेल्या. न्हाणीची कडी, खिडकीचे गज, माझं वय, सगळं टिपलं. तब्येतीचं विचारलं तेव्हा मी ठणठणीत म्हणाले. जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागितला, तुझा दिला. काय बोलायचं ते तुला सांगायला नको.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी ठकू

८ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय. समितीच्या बाईंचा फोन आला होता. गोड बोलत होत्या, तुझं कौतुक करत होत्या. मग विचारलं की बहिणीची तब्येत कशी असते. ठणठणीत म्हणायचं ठरवून बसलो होतो. तोंडून निघालं की वर्षात दोनदा फिट आली, एकदा तर जिन्यात. मला वाटलं, एखादी मदतीची बाई देतील, औषधपाण्याचं बघतील. त्यांनी आभार मानून फोन ठेवला, आणि आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं.

पण ठकू, खोटं बोलायला जीभ रेटली नाही हेही खरं. तू पडलीस आणि घरात ती एकटीच पोर असली तर, हे डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. तुझं रागाचं वाक्य संपादकबाईंनी जसंच्या तसं घेतलं. आज ते सांगायलाही लाज वाटते.

रागाव, पण लिही.

दादा

३० मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. भुंगीला एकवीस तारखेला नेलं. समितीच्या कागदावर होतं, 'सांभाळणाऱ्या बाईस शुद्ध हरपण्याचे झटके, माहिती सख्ख्या भावाकडून.' खाली 'चार वर्षांच्या जोपासनेबद्दल आभार' असंही होतं. तुझ्या कोशाला उपयोगी पडतंय का बघ.

पिशवीत सहा फ्रॉक आणि दोन स्वेटर भरले. पोर वाढेल तसं सोडता यावं म्हणून फ्रॉकांना आतून चार बोटं कापड दुमडलं होतं, ते मावशीला दाखवलं. पोर रडली नाही. बूट घालताना एवढंच म्हणाली की आता ती दूध सांडणार नाही. तिला वाटलं, त्यासाठीच घालवतायत. मी समजावलं, पण पटलं असेल असं वाटत नाही.

तू वाईट हेतूनं केलं नाहीस हे मला कळतं. कळून उपयोग नाही. काही दिवस पत्र टाकू नकोस.

ठकू

१२ जुलै

चि. ठकूस,

आशीर्वाद. राहवलं नाही म्हणून लिहितोय. समितीकडे जाऊन आलो. बहीण औषध घेते, मी तिच्याकडे जाऊन राहतो, असं लिहून दिलं. फाइल बंद झाली म्हणाले. 'जोपासणे' छापायला गेलं. जोपासणाऱ्याचा हक्क ह्या अर्थात कुठे बसतो का, असं मी संपादकबाईंना विचारलं. त्या नाही म्हणाल्या.

परतताना तुझ्या दाराशी आलो होतो. आत मशीन चालू होतं. बेल वाजवली तसं थांबलं, आणि मी जिना उतरेपर्यंत पुन्हा सुरू झालं नाही.

खुशालीचं एक अक्षर टाक.

दादा

२५ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. सहा महिन्यांनी भेटीची परवानगी मिळाली. रविवारी जाऊन आले. मावशी वाईट नाही, बेकरीत काम करते, घर लखलखीत ठेवते. भुंगीला उंची आलीय, एक दात पडलाय. ती माझ्याजवळ आली नाही, लांबून नुसती बघत राहिली. मला वाटलं, विसरली.

तिथेच मला फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली उशी, गळ्याचं बटण सोडलेलं. मावशी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं सांगितलं की हे सगळं पोरीनं केलं. खुर्ची बाजूला ओढली, मला कुशीवर लोटलं आणि मावशीला बजावलं की घाबरायचं नाही, पाणी पाजायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं, ती उठते.

मी विचारलं की हे कुणी शिकवलं. म्हणाली, कुणी नाही. मग हळूच म्हणाली की घरी मी पडले की ती असंच करायची आणि कुणाला सांगायची नाही, सांगितलं तर तिला नेतील म्हणून. किती वेळा, असं विचारलं. तिनं दोन्ही हातांची बोटं पसरली, थोडा विचार केला आणि एक बोट मिटलं.

दादा, मला दोनच माहीत होत्या. बाकीच्या वेळी मी समजायचे, दुपारचा डोळा लागला.

तू फोनवर बोललास ते बरोबर होतं. माफ केलं असं मात्र अजून म्हणवत नाही.

निघताना ती दारापर्यंत आली. तिनं विचारलं की आता माझ्याजवळ कोण असतं. मी खोटंच सांगितलं की माझा दादा असतो.

येशील का?

ठकू