दुसऱ्या किल्लीबाबत

तीर्थस्वरूप मावशीला, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून नमस्कार. (हात तसे मोकळेच आहेत. माझं स्वतःचं स्टिअरिंग राहिलेलं नाही, आणि तेच सांगायला हे पत्र.)

तुझा गुडघा कसा आहे? काकांना अजूनही जिना चढताना तुझ्या पुढे जायची हौस आहे का? त्यांना सांग, मुक्कामाला पोचल्याशी कारण. तुझं मागचं पत्र मिळालं. त्यातला माझ्या लग्नाबद्दलचा मजकूर मी नेहमीप्रमाणे गाळून वाचला, त्यामुळे पत्र फार लवकर संपलं. आई ठणठणीत आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र ती पुढे ढकलते आहे, कारण तिच्या मते घरात बघण्यासारखं काही नवीन घडत नाही. माझ्या तब्येतीला काही झालेलं नाही. डोक्याला काय झालं होतं ते आता सविस्तर लिहितो. तू बसून वाच आणि काकांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

मावशी, मी गाडी विकली. तीच, गडद हिरवी. तुला तिच्यात बसल्यावर डोळे मिटायची सवय होती म्हणून रंग लक्षात नसेल. बाहेरून बघितलं तर एखाद्या मुख्याध्यापकांची वाटावी अशी चार दारांची साधी सेडान, पण पाय जरा जोरात टेकवला की मुख्याध्यापक धोतर खोचून पळायला लागायचे. तिचा आवाज तर आपल्या घराचं घड्याळ होता. मी संध्याकाळी कोपऱ्यावर वळलो की सायलेन्सर घसा खाकरल्यासारखा घुमायचा, स्वयंपाकघरात आई तो ऐकून चहाचं आधण ठेवायची, आणि मी गाडी लावून, कुलूप घालून, एकदा मागे वळून तिच्याकडे बघून (प्रत्येक जण बघतो, कबूल कोणी करत नाही) आत येईपर्यंत कपात चहा ओतलेला असायचा. आईला डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यापासून तर तिचा सगळा भरवसा त्या आवाजावर होता. असली गाडी कोणी शहाणा माणूस विकतो का? नाही. मी विकली.

दोष बाजाराचा. नव्या गाड्या वेळेवर मिळेनात, नाव नोंदवून लोक वाट बघत म्हातारे व्हायला लागले, आणि त्यामुळे जुन्या गाड्यांना, त्यातही वेगवान जुन्या गाड्यांना, असे भाव चढले की विचारू नकोस. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कने त्याची गंजकी गाडी घेतल्या किमतीपेक्षा जास्तीला विकली आणि त्या दिवसापासून तो जेवणाच्या सुट्टीत अर्थशास्त्रावर बोलायला लागला. मी ऐकत गेलो. जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे तपासून शिक्के मारणारा मी माणूस, पण स्वतःचा काटा कधी कलला ते मलाच कळलं नाही. बेत असा होता, की चढ्या भावात आपली विकायची आणि आलेल्या पैशात तिच्याहून नवी, तिच्याहून वेगवान गाडी घ्यायची. आता ज्या बाजारात आपली गाडी चढ्या भावाने जाते, त्याच बाजारातून दुसरी घ्यायची असते, हा मुद्दा तुझ्या एव्हाना लक्षात आला असेल. माझ्या आला नाही. हेडक्लार्कच्या तर अजून आलेला नाही. तो बसने येतो आणि अर्थशास्त्रावर बोलतो.

जाहिरात दिली आणि पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक दातांच्या डॉक्टर आल्या. मी त्यांना ऑफिसच्या आवारात बोलावलं होतं, कारण घरी आईसमोर सौदा करायचा मला धीर नव्हता. मला वाटलं, बाई रंग बघतील, आरसा बघतील. बाईंनी बाह्या सरसावल्या, बॉनेट उघडायला लावलं आणि छोटा टॉर्च घेऊन आत असं डोकं घातलं, की मी नकळत स्वतःचं तोंड उघडलं. कुठे टिचकी मारून बघितली, कुठे बोट लावून वास घेतला. मग आवारातल्या ट्रक तोलायच्या मोठ्या काट्याकडे बघून म्हणाल्या, वजन करू या. मी म्हटलं, बाई, ही गाडी आहे, कलिंगड नव्हे. पण काटा माझाच, शिक्काही माझाच, नाही कसं म्हणणार? वजन कंपनीने सांगितल्यापेक्षा बरंच जास्त भरलं. मी काट्याला दोष देऊ शकत नव्हतो. त्यांनी शांतपणे डिकी उघडायला सांगितली. त्यातून तुझ्याकडून आणलेली घडीची खाट, जुन्या टाइल्सची पेटी, आई गेलं वर्षभर शोधत असलेला पाटा आणि एक मोडका पंखा निघाला. (पाटा सापडल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही.) मी किमतीबद्दल मात्र ठाम राहिलो. बाजार कसा रोज चढतो आहे, आज घेतलीत तर वाचलात, उद्या हाच भाव स्वस्त वाटेल, असं हेडक्लार्कचं सगळं व्याख्यान मी त्यांना ऐकवलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. इतक्या लक्षपूर्वक ऐकणाऱ्या माणसापासून सावध राहावं हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? एकच अडचण निघाली, दुसरी किल्ली. ती मला सापडेना. बाई म्हणाल्या, थोडी रक्कम मागे ठेवते, किल्ली द्याल तेव्हा देईन. मी म्हटलं, चालेल. गाडी गेली. आवारातून बाहेर पडताना तिने घसा खाकरला आणि त्या दुपारी माझा डबा तसाच राहिला.

त्यानंतर मी खरेदीला निघालो. त्या भागाचं वर्णन थोडक्यात करतो, कारण वाईट वाटतं. पहिल्या जुन्या गाड्यांच्या दुकानातला विक्रेता इतकं मऊ बोलायचा की मी त्याचं नाव मखमल ठेवलं. मखमलने एक काळी सेडान दाखवली. मी तिला एक प्रदक्षिणा घातली, तेवढ्यात त्याला एक फोन आला आणि किंमत वाढली. म्हटलं, अहो, मी मघाशी तिकडच्या दाराशी होतो तेव्हा कमी होती. तर म्हणाला, साहेब, तिकडच्या दाराशीच घ्यायची होती. दुसऱ्या गाडीत इंजिनच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. विचारलं तर म्हणे, ड्रायव्हरचं मन विचलित होऊ नये म्हणून. तिसरी एका निवृत्त गृहस्थांनी फक्त वाचनालयापर्यंत चालवलेली होती. तिची चार चाकं चार कंपन्यांची होती आणि मागच्या सीटवर हेल्मेट होतं. वाचनालय कोणतं ते मी विचारलं नाही. थोडक्यात, माझ्या हिरवीच्या पैशांत हिरवीच्या पासंगाला पुरेल अशी एकही गाडी बाजारात नव्हती. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती ऑफिसने दिलेलं विजेवर चालणारं एक छोटं, चार चाकांचं पांढरं धुपाटणं आलं. ते चालतं, पण आवाज म्हणून करत नाही. पहिल्या संध्याकाळी मी घरी येऊन आईच्या मागे उभा राहिलो, आणि तिच्या हातातली बशी गेली. तू दिलेल्या सेटमधली. गाडी विकल्याचं तिला सांगायचा धीर मला तेव्हाही झाला नाही.

पण खरा घाव पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी मी घरी आलो, तर माझ्या खुर्चीत दातांच्या डॉक्टर बसून माझ्या कपातून चहा पीत होत्या. झालं होतं असं, की त्यांचा दवाखाना आपल्याच गल्लीच्या टोकाला. मला हे माहीत असायला हवं होतं, पण दातांच्या दवाखान्याच्या पाटीकडे मी लहानपणापासून बघत नाही. त्या संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन गल्लीतून निघाल्या, आईने कोपऱ्यावर आवाज ऐकून आधण ठेवलं आणि फाटक उघडून उभी राहिली. दारात म्हातारी बाई उभी बघून डॉक्टरांनी गाडी थांबवली, काय झालं म्हणून विचारलं. आई म्हणाली, चहा झालाय. त्या आत आल्या. मावशी, आयत्या बिळावर नागोबा असतो हे ऐकलं होतं, पण इथे नागोबाला आई बिस्किटंही देत होती. आणि हे रोजचं झालं. रोज हिरवी घसा खाकरायची, आधण चढायचं, आणि मी पांढऱ्यातून मुकाट्याने उतरून आत यायचो तर दोघी हसत असायच्या. मला पातेल्याच्या तळातला चहा. गाडी गेली तेव्हा गाडी गेली एवढंच वाटलं होतं. आता कळलं की आपल्या घरातली आपली येण्याची वेळच आपण विकून बसलो. मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, हिरवी परत आणायची.

वाटाघाटी माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर सुरू झाल्या. मी म्हटलं, घेतलीत त्यापेक्षा जास्त देतो. डॉक्टर म्हणाल्या, बाजार रोज चढतोय. मी आणखी वाढवलं. त्या म्हणाल्या, आज घेतलीत तर वाचलात, पण मला आज विकायची नाही. माझं व्याख्यान त्यांनी कानामात्रेसकट पाठ केलं होतं. मग मी म्हटलं, गाडीची अवस्था काय आहे ते तरी बघू द्या. त्या म्हणाल्या, चला. तेव्हापासून चहानंतर गाडीची अवस्था बघायला जाणं सुरू झालं. त्या चालवतात, मी शेजारी बसतो. इतकी वर्षं ती गाडी माझी होती, पण डाव्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. तिथून गाव वेगळं दिसतं. समोरच्या कप्प्यात एक दिवा आहे, माहीत होतं तुला? मलाही नव्हतं. आणि मी तुम्हा सगळ्यांना किती हाल करून फिरवलं तेही पहिल्यांदाच कळलं, कारण डॉक्टर वळणावर अशी गाडी घेतात की डिकीत अंडी ठेवावीत. गाडीची अवस्था उत्तम आहे. तरीही ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

असो. परवा मी निकराचा शेवटचा आकडा सांगितला. तो तुला सांगत नाही, तुझा गुडघा आधीच दुखतोय. डॉक्टरांनी नाही म्हटलं. गाडी विकायची नाही म्हणजे नाही, असं सरळ सांगितलं. तेव्हा सौदा फिसकटला, हिरवी कायमची गेली, आणि तुझा भाचा आता जन्मभर पांढऱ्यातून गुपचूप घरी येणार, एवढं कळवण्यासाठी हे पत्र. काकांना नमस्कार, गुडघ्याला शेक, आणि तुला लोभ आहेच, तो चढ्या बाजारातही तसाच ठेव.

तुझा,
पांढऱ्यातून फिरणारा भाचा

ता. क. दुसरी किल्ली तुझ्याकडेच असणार. मागच्या खेपेला तुझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून आलो होतो. काका तिने पाठ खाजवत असतील तर कृपा करून काढून घे.

ता. क. (दुसरा) वर एक गोष्ट अर्धीच लिहिली. गाडी विकायची नाही म्हणाल्यावर डॉक्टर पुढे असं म्हणाल्या, की तुम्हाला ती रोज तुमच्या अंगणात उभी हवी असेल तर त्याला दुसरा मार्ग आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मी विचार केला आणि म्हटलं, जागा देतो, पण महिन्याचं भाडं आधी ठरवून घेऊ. स्वयंपाकघरात आईने पातेलं इतक्या जोरात आपटलं की मी थांबलो. मग ती (हो, परवापासून ती) इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग मला कळलं. मग मलाही पाणी द्यावं लागलं. मावशी, मी फार आनंदात आहे. हे आधीच लिहायला हवं होतं, पण तुला इतकी वर्षं दिलेली उत्तरं आठवून लाज वाटत होती. तुझ्या मागच्या पत्रातला गाळलेला मजकूर काल दोघांनी मिळून वाचला.

ता. क. (तिसरा) काल आईला म्हटलं, बघ, तुझा कान चुकला म्हणून हे सगळं जुळलं. आई म्हणाली, माझा कान कशाला चुकतोय? तू कोपऱ्यावर वळतानाच गिअर बदलायचास आणि गाडी कण्हायची. ही वळण संपल्यावर बदलते. तू नाहीस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी म्हटलं, मग चहा का टाकलास? तर म्हणते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती गाडी कोणीतरी नीट चालवत होतं. म्हटलं, कोण आहे ते बघावं तरी.

ता. क. (शेवटचा) किल्ली कुरिअरने पाठवू नकोस. तू आणि काका ती घेऊन लग्नाला या. स्टेशनवर घ्यायला हिरवी येईल. डोळे उघडे ठेवून बसलीस तरी चालेल, मी चालवणार नाही. आणि किल्ली माझ्या हातात देऊ नकोस, तिच्या हातात दे. गाडी तिचीच आहे. मला डावी सीट मिळाली आहे.