प्रश्न कुणीच विचारत नाही

२३ जून २००६, शुक्रवार

"लूमवर उभं आयुष्य काढणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, आपल्याला पिढ्यान् पिढ्या गप्प बसायला शिकवलंय!" — आज नारपोलीच्या सभेत अशी सुरुवात केली. शुक्रवारची सुट्टी, लूम म्हणजे यंत्रमाग बंद, गर्दी चांगली. पाऊण तास बोललो. शेवटी म्हटलं, प्रश्न विचारा. नेहमीसारखं कुणीच नाही. एवढी पुस्तकं वाचली, पण ही भीती कशी जाते ते कुठे सापडलं नाही.

घरीही तेच. मुलगी, उन्नती, दहावी पास झाली. कॉलेजचा फॉर्म आणलाय, शेवटची तारीख ३ जुलै. "भरायचा ना?" मी विचारलं. ती खाली मान घालून मागाच्या कांड्यांवर सूत भरत राहिली. सातव्या वर्षी मीही आईबरोबर असाच बसायचो. त्यातच माझी शाळा गेली.

२५ जून

पुन्हा विचारलं. गप्प. ओरडलो — "बाप काय भिंतीशी बोलतोय?" आई मध्ये पडली. "सभा हाय का ही? तिची आय असती तर आवाज चढला असता का तुझा?"

उन्नतीची आई जाऊन चार वर्षं झाली. जेवलो नाही.

२८ जून

घरात तीन माणसं. आज दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही.

३० जून, शुक्रवार

युनियनतर्फे कामगारांच्या कानांची तपासणी. सगळे मागे सरकत होते, म्हणून पहिला मीच खुर्चीत बसलो. लूमवरचा हारून म्हणाला, "केसरीभाऊ, तुमच्या तर तोंडाची जाँच पायजे."

डॉक्टरीणबाईंनी तोंडापुढे फाईल धरली. मी वाट बघत राहिलो. मग फाईल खाली आली. "काका, तीनदा तुमचं नाव विचारलं मी. तुम्ही ऐकत नाही, ओठ वाचता."

बाहेर हारूनला धरलं. सभेत कुणी प्रश्न विचारतं का रे?

तो समोर उभा राहून सावकाश म्हणाला, "हर बार पूछते हैं. पीछे से. तुम्ही पुढचं बोलायला लागता. हमको लगा, भाऊला आवडत नाय."

१ जुलै

उन्नती कांड्या भरत होती. समोर जमिनीवर बसलो, वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठ मिटलेले. आता ती खरंच बोलत नाही.

२ जुलै, रविवार

उन्नती, ही वही तुझ्या कांड्यांच्या टोपलीवर उघडी ठेवतोय. मला ऐकू येत नाही, हे मला परवा कळलं. तू मला काय काय सांगितलंस ते माहीत नाही. फॉर्म उद्या द्यायचा आहे. कॉलेजला जायचंय की नाही, ते या ओळीखाली लिही.