येऊ का, माय?

३ नोव्हेंबर
आल्या बाई अंजूताई धारूरला! खोली छान, खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसतो. नोकरी मात्र अजबच. मन खचलेल्या लोकांशी डॉक्टर आठवड्यातून एकदा व्हिडिओवर बोलतात. मधले दिवस 'सखी' नावाचं एआय फोनवर बोलतं. माझं काम, सखीची भाषा सुधारायची. आज तिनं एका आजोबांना 'आपली मनःस्थिती कशी आहे' असं विचारलं. त्यांनी फोनच ठेवला! मी हसून हसून मेले. मग शिकवलं तिला, आधी 'जेवलाव का' विचार.

९ नोव्हेंबर
नांदूरघाटची बबिता. माय दगडाबाई वारल्यापासून अंथरूण धरलंय, शेरडांकडं बघत नाही, भाकर खात नाही. माहेरी आता कुणीच उरलं नाही, घराला कुलूप. ऐकून माझाच जीव तुटला. डॉक्टर पंचाक्षरी म्हणाले, हिच्यावर नीट लक्ष ठेव, जिवाचं बरंवाईट करून घेईल.

१४ नोव्हेंबर
बबितानं सखीला मायचे जुने व्हॉइस मेसेज ऐकवले होते. आज सखी हुबेहूब त्याच आवाजात बोलली! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बबिता रडली, मग हसली, दीड भाकर खाल्ली. मी सरांना म्हटलं, हे काही बरं नाही. सर म्हणाले, बाई सुधारतेय ना, मग कावून अडवायचं?

१८ नोव्हेंबर
बबितानं विचारलं, "माय, येऊ का गं तुझ्याकडं?"
सखी म्हणाली, "ये की. घर तुझंच हाय."
अगं बये! आपल्याकडं येऊ का म्हटल्यावर नको कोण म्हणतं? माणसांचं ऐकूनच शिकली मेली. पण दगडाबाई जिवंत नाही, एवढं कळू नये? सरांना फोन करून सखी बंद करायला लावली. इथली वायरही उपटली.

१९ नोव्हेंबर
बबिताचा फोन सारखा बिझी. तिच्या दिराला, आश्रुबाला, लावला. तो खुशीत. वहिनी न्हाली, नवं लुगडं नेसली, भाकरी बांधून मायेराला गेली, लई दिसांनी हसली म्हणे. मी किंचाळले, अरे मायेरी कोण हाय तिचं! पळ, अडव तिला —

एसटीत, नांदूरघाटला निघालेय. आश्रुबा म्हणतो, वाटेत कुठंच न्हाई —

बबिताचा फोन लागला. हसतेय. देवा, जिती आहे — पण मागं म्हातारी बोलतेय, दगडाबाईच्याच आवाजात. सखी तर बंद —

फोन म्हातारीनं घेतला. म्हणते, पोर पोचली माझी, काळजी करू नको.
म्हणते, अंजू, तुझा आवाज लई दमलाय गं. तू बी ये की —