नरनाळ्याचा दरवाजा, माणसांशिवाय

१ ऑक्टोबर, सकाळी ६
निवृत्तीला महिना झाला. चित्रकला शिक्षकाची नजर वाया जाऊ द्यायची नाही. संकल्प : अमरावती-अकोल्याकडची बारा स्थळं, बारा फोटो, दिवाळीत प्रदर्शन. फ्रेममध्ये माणूस नको. माणसामुळे वास्तू हलकी वाटते.
बायको, आशा, सोबत येते म्हणाली. येऊ दे. डब्याची सोय होते.

२ ऑक्टोबर
अमरावतीचं जवाहर गेट. वायरी, वाढदिवसाचे बॅनर, पुढ्यात केळ्यांची गाडी. गाडीवाल्याला पाच मिनिटं सरक म्हटलं. तो म्हणे, गेटच सरकवा ना, काका.
या शहराला दृष्टीच नाही. फोटो रद्द.

६ ऑक्टोबर
चिखलदरा. धुकं. दोन तास ट्रायपॉड लावून उभा, दरी दिसलीच नाही. आशा म्हणाली, एक माहा फोटो काढा ना. नियम समजावून सांगितला. परतीच्या वाटेत डोळे मिटून बसली. घाट लागला असेल.

१२ ऑक्टोबर, नरनाळा किल्ला
महाकाली दरवाजा. हाच तो फोटो! आशाचा गुडघा दुखत होता, पायरीवर बसली. फ्रेममध्ये येत होती, म्हणून वळणापलीकडे पाठवली. उन्हं कलेपर्यंत तीन तास थांबलो. मध्ये हाक आल्यासारखी वाटली. पण प्रकाश जुळत असताना ओ देता येत नाही.
५.४० : अप्रतिम.
५.५० : आशा नाही. गाडीची किल्ली माझ्या खिशात, पाण्याची बाटली माझ्या बॅगेत.

१३ ऑक्टोबर, अकोला
रात्री फोन आला : पायरीवरून घसरली होती म्हणे. फिरायला आलेल्या एका कुटुंबाने गाडीतून तिच्या भावाकडे, खुशालरावांकडे पोचवली. आज गेलो. गुडघा सुजलाय. तिला फोटो दाखवला. पाहिला नाही.
म्हणाली, "चार डाव हाक मारली मी तुमाले."
मी प्रकाशाचं सांगू लागलो.
"मी आता इथंच राह्यते. मायी औषधं पाठवून द्या."
रागात आहे. चार दिवसांत येईल.

२० ऑक्टोबर
आली नाही. हॉलवाले म्हणाले, एका फोटोचं प्रदर्शन होत नसते, सर. कलेची जाण नाही.

२१ ऑक्टोबर
कपाट उघडलं. गोळ्यांची सात पाकिटं, दोन बाटल्या. तिच्या कोणत्या, माझ्या कोणत्या, कळेना. फळीचा फोटो काढून पाठवला. विचारलं, यातल्या कोणत्या?
उत्तर आलं : फोटो हालला. राहू द्या. वर्षालीले पाठवून राहिली.
खुशालरावांची सून वर्षाली चारला आली. पाणीही न घेता उभ्या उभ्या आशाच्या गोळ्या निवडल्या.
फोनवर आशाला एकेक नाव वाचून दाखवलं. एकही चुकली नाही.