झाकण काढल्यावरचं तांबं

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमची थट्टा करायला हरकत नाही. कन्नड गावी तुमच्या स्वयंपाकघरात काकूंची शेगडी अडवून तुम्ही मूस तापवत बसला आहात. आत कॉपर ऑक्साइडची काळी भुकटी आणि कोळशाची पूड. काकू म्हणतात, "आज भाकरी नाय. तांबंच खा दोघं." मी सांडशी घेऊन झाकणाकडे सरकते, तर तुम्ही पट्टी आडवी धरता. "शास्त्रीणबाई, निवू द्या. गरम असताना हवा लागली की परत काळं." संस्कृतची शब्दरूपं घडाघडा म्हणणारी मुलगी इतका वेळ गप्प बसलेली फक्त तुम्हीच पाहिली असेल.

परवा संभाजीनगरात आम्हा विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, स्वतःच्या हातानं धातू काढायचं. दहावीच्या पोरींना सांगून गेले होते, तांबं घेऊन येते म्हणून. आमच्या प्रयोगशाळेत पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत. पोरींनी प्रयोग पाहिला तो फळ्यावर. पट असा घसरलाय की पुढच्या वर्षी दहावीचा वर्ग राहील असं वाटत नाही. म्हणजे दाखवायचं तर यांनाच.

मूस लालबुंद झाली, तशा माझ्या टेबलावरच्या गंगापूरच्या मॅडम म्हणाल्या, "काढा झाकण. ग्रुपवर फोटो नाय गेला तर गैरहजेरी लागती."

"निवू द्या की."

"निवंपर्यंत सेशन संपतंय. तांबं काय पळून जातंय व्हय?"

झाकण मीच काढलं. आत लालसर चुरा दिसला, खरंच दिसला. सगळे मोबाइल वाकले, आणि बघता बघता तो काळा पडला. संस्कृतात याला दृष्टनष्ट म्हणतात, दिसलं न दिसलं तोच गेलं. पूर्वजांनी नाव तेवढं सुंदर ठेवलं, उपाय काही सांगितला नाही. प्रशिक्षकांनी शाबासकीचा अंगठा वर केला, फोटो छान आला होता. मी आणखी भुकटी मागितली. टेबलाला एकच पुडी, म्हणाले.

आज वर्गात शिरते न शिरते तोच, "मॅडम, आणलं का?" मी मोबाइल पुढे केला. तो बाकाबाकावरून फिरला. पोरींनी तो लाल ठिपका बोटांनी मोठा करून पाहिला. मग एकीनं विचारलं, "आता कुठंय हे?"

"तिथंच राहिलं," मी म्हटलं.

"ठिवून घेतलं असंल त्यांनी," शेजारची समजूतदारपणे म्हणाली.

हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून सांगते. त्यांना ते पटलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, सर.